फोन बदलायचा की सिम?

घणसोलीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात खिडकीला चिकटून उभं राहिलं तरच समोरच्याला माझा आवाज जातो. सगळे म्हणाले, फोन म्हातारा झालाय, नवा घे. खोटं नाही, बॅटरी दुपारीच मान टाकते. पण बायकोचं दुसऱ्या कंपनीचं सिम याच फोनमध्ये घातलं आणि चक्क स्वयंपाकघरातून बोलणं झालं! नव्या फोनला पंधराएक हजार जातील, वर रेंजचं रडगाणं तेच. पोर्टिंगला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला, १९०० वर मेसेज करायचा, आलेला कोड ४ दिवसांत वापरायचा. नवी मुंबई मुंबई सर्कलमध्येच, म्हणजे मोबाइल सेवेच्या मुंबई विभागातच येते, सर्कल बदलत नाही, त्यामुळे कामाचे ३ दिवस. फक्त जुन्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत. मी सिमच बदलतोय. बॅटरी वाशीत बदलून घेईन.