केल्स की बेरी: सचित्र हस्तलिखितं पाहायला सुरुवात कुठून करावी?

युरोपातली मध्ययुगीन सचित्र हस्तलिखितं पाहायची म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातली ‘केल्सची पोथी’. दुसरी पॅरिसजवळच्या शांतीयीच्या किल्ल्यात जपलेली ‘त्रे रिश ऊर’, बेरीच्या ड्यूकची प्रार्थनापोथी. सवड एकीपुरतीच असेल तर कोणती घ्यावी? माझा कौल केल्सला. पण तो सगळ्यांना मानवेल असं नाही, म्हणून दोन्हींबद्दल सांगते.

केल्स इ.स. 800च्या आसपासची. लॅटिनमधली चार शुभवर्तमानं (येशूचं चरित्र सांगणारे बायबलमधले ग्रंथ), वासराच्या कातड्याची 340 पत्रं, म्हणजे 680 पानं. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठावर 806 साली व्हायकिंगांनी हल्ला करून कत्तल केली, त्यानंतर तिथल्या साधूंनी आयर्लंडमधल्या केल्सला मठ उभारला. पोथीला नाव मिळालं ते याच गावाचं. तिच्यात सोन्याचा वर्ख नाही. जो पिवळा झळकतो तो हरताळ आणि लाल दिसतो तो शेंदूर. दोन्ही आपल्या ओळखीचे! आपल्याकडे लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासायचे, आणि तो वाक्प्रचार आपण आजही वापरतो. केल्सच्या साधूंनी हरताळ सजावटीला वापरला. चूक निस्तरायची त्यांची रीत वेगळी होती. एका पानाचा मजकूर नजरचुकीने दोनदा लिहिला गेला, तेव्हा त्यांनी नको असलेल्या पानावर फक्त लाल फुल्या मारल्या. एवढं देखणं पान खरवडून टाकायला त्यांचा हात धजावला नसावा, असं मला ते पाहताना दर वेळी वाटतं.

या पोथीतलं 34 क्रमांकाचं पत्र जरूर पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची हकिगत जिथे सुरू होते, तिथे ख्रिस्ताच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं जवळजवळ सगळं पान व्यापून बसली आहेत. पहिल्या अक्षराचा एक पाय लांबच लांब खाली उतरतो आणि त्याच्या पोटात चक्रं, चक्रांत आणखी चक्रं. लांबून ही नुसती नक्षी वाटते. जवळ गेलात की तळाशी दोन मांजरी बसलेल्या दिसतात, त्यांच्या पाठीवर उंदीर, आणि पुढे आणखी दोन उंदीर प्रसादाची चकती कुरतडताहेत. शेजारी मासा धरलेलं काळं पाणमांजर. इथे अक्षर आणि चित्र वेगळं काढताच येत नाही.

बेरीची पोथी याच्या अगदी उलट. ती मठातली नाही, दरबारातली. आजच्या नेदरलँड्समधल्या नायमेखेनहून आलेल्या पॉल, हर्मन आणि ज्यां या लिंबुर्ग बंधूंनी ती 1411-12च्या सुमारास रंगवायला घेतली. 1416 साली ड्यूक वारला, त्याच वर्षी तिघे भाऊही गेले, बहुधा प्लेगने. अपुरं राहिलेलं काम ज्यां कोलोंब या दुसऱ्या चित्रकाराने 1485 ते 1489 या काळात पुढे नेलं. इथे सोनं आहे, लाजवर्दी निळा आहे, आणि बारा महिन्यांची बारा पानं आहेत. फेब्रुवारीचं पान घ्या. सगळीकडे बर्फ, मेंढ्या दाटीवाटीने उभ्या, मधमाश्यांच्या पेट्यांवर बर्फाच्या टोप्या, घरात माणसं कपडे वर करून विस्तवाशी शेकत बसलेली. लॅटिनचं अक्षर ओळखीचं नसलं तरी त्या दिवसाची थंडी आपल्यापर्यंत पोचते.

म्हणून लहान मुलांना दाखवायचं असेल, किंवा चित्रात गोष्ट, माणसं, शेतंभातं शोधायची सवय असेल, तर बेशक बेरीपासून सुरुवात करा. पण तिची बारा पानं भिंतीवर टांगलेल्या चित्रांसारखी पाहून होतात, आणि आपण पोथी पाहतोय हेच विसरायला होतं. माझी तक्रार एवढीच. सुलेखनाची आवड असेल, मोडीचं वळण पाहून हात शिवशिवत असतील, तर केल्सला पर्याय नाही.

प्रत्यक्ष जाऊन पाहायचं असेल तर फरक आणखी मोठा. केल्स डब्लिनमध्ये काचेआड ठेवतात. जे पान उघडलेलं असेल तेवढंच दिसतं, पण मूळ पोथी दिसते. शांतीयीची पोथी ज्याने 1856 साली विकत घेतली त्या ओमालच्या ड्यूकने मृत्युपत्रात अट घातली की संग्रहातलं काहीही बाहेर उसनं द्यायचं नाही. त्यामुळे ती दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनात भेटणार नाही, आणि शांतीयीतही ती एरवी लोकांसमोर नसते. 2025च्या उन्हाळ्यात तिथे मांडली होती, तशी संधी क्वचितच येते.

घरबसल्या पाहणाऱ्यासाठी ट्रिनिटी कॉलेजने अख्खी केल्स इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर उघडा. 34व्या पत्राची पुढची बाजू काढा आणि वरून नको, तळापासून पाहायला लागा, मांजरींपासून.