'द स्कायज द लिमिट' (1943): बाकी सोडा, बारमधला नाच बघा

रविवारी बाहेर असं ऊन की कूलरसमोरून उठायची हिंमत नव्हती, म्हणून हा लावला. आरकेओ स्टुडिओचा ब्लॅक अँड व्हाईट पिक्चर, हिरो नाचणारा फ्रेड अस्टेअर, दीड तासात मोकळे. अस्टेअर म्हटलं की लोकं त्याची नाचातली जोडीदार जिंजर रॉजर्सवाले पिक्चर काढतात, याचं नाव कोणी घेत नाही, अन् पहिला अर्धा तास बघून मलाही वाटलं, बरोबरच आहे बा.

हिरो फ्लाइंग टायगर्सचा पायलट, म्हणजे बर्मा-चीनकडे जपान्यांशी लढलेले ते अमेरिकन (त्या काळात आपल्या नागपूरच्या सोनेगावलाही इंग्रजांची लढाईची विमानं उतरायची, ते उगाच आठवलं). सुट्टीत सत्कार-मिरवणुका करून वैतागतो, गुपचूप ट्रेनमधून उतरून पळतो, न्यूयॉर्कात एका फोटोग्राफर पोरीच्या मागे लागतो, पण आपण कोण ते काही सांगत नाही. तिला वाटते हा रिकामटेकडा, सगळा देश लढून राहिला अन् हा फिरत बसलाय. आयडिया मस्त आहे, पण हा पिच्छा पुरवणं आज बघताना जरा चिकटच वाटते, त्यात ती पोरगी झालेली जोन लेस्ली 18 ची अन् अस्टेअर 44 चा. नाचात पोरगी बरोबरीनं टिकते, गाण्यातला आवाज मात्र तिचा नाही.

तिच्यावर फिदा असलेला बॉस म्हणजे रॉबर्ट बेंचली. जेवणाच्या कार्यक्रमात तो जे गोंधळलेलं भाषण ठोकते ते आवडणाऱ्यांना आवडेल, मी मधे उठून चहा ठेवून आलो तरी चालूच होतं.

अन् मग शेवटी शेवटी 'वन फॉर माय बेबी' येते. हॅरॉल्ड आर्लेनची चाल, जॉनी मर्सरचे शब्द. पोरीशी बिनसलेलं, परत लढाईवर जायचंय, मनातलं बोलायची सोय नाही, पिऊन टाइट झालेला हा माणूस बारच्या काउंटरवर चढून टॅप डान्स करतो, लाथेनं ग्लासांची चळत उडवतो, स्टूल उचलून आरशावर फेकतो. एरवी हवेत तरंगल्यासारखा नाचणारा अस्टेअर, इथं पाय आपटतो. इतका वेळ कॉमेडीखाली दाबून ठेवलेलं युद्ध एकदम बाहेर येते राजा! ऑस्करचं नॉमिनेशन मात्र या गाण्याला नाही, यातल्याच 'माय शायनिंग अवर' गाण्याला. तेही गोडच आहे म्हणा.

पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन त्या बारचे. कूलरमधलं पाणी कधी संपलं कळलंच नाही.