पांढरी काठी की मार्गदर्शक कुत्रा?

अमेरिकेत राहणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीने मार्गदर्शक कुत्र्यासाठी अर्ज करावा, की पांढऱ्या काठीवरच भिस्त ठेवावी, हा निर्णय कुत्र्यांच्या आवडीवर सोपवू नये. आपण रोज किती आणि कुठे चालतो, हे आधी पाहावे.

काठी अडथळा शोधते, कुत्रा तो टाळतो. काठीचे टोक पायरीला, फूटपाथच्या कडेला, कचऱ्याच्या डब्याला लागते आणि वाटेवरच्या खुणा हाताला कळत जातात. मात्र कपाळाच्या उंचीवर आलेली फांदी तिला सापडत नाही. कुत्रा ती फांदी चुकवतो, गर्दीतून वाट काढतो, पण काय चुकवले हे सांगत नाही. शिवाय रस्त्यांचा नकाशा माणसाच्याच डोक्यात असावा लागतो आणि रस्ता कधी ओलांडायचा, हेही वाहनांच्या आवाजावरून त्यानेच ठरवायचे असते.

न्यू जर्सीतील मॉरिसटाऊनच्या ‘द सीइंग आय’ या १९२९ साली स्थापन झालेल्या संस्थेत पिल्लू साधारण दोन महिन्यांचे झाले की स्वयंसेवक कुटुंबाकडे जाते आणि वर्षभराहून अधिक काळ बस, दुकाने, लहान मुले यांना सरावते. त्यानंतर प्रशिक्षक त्याला सुमारे चार महिने खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर शिकवतात. सर्वांत अवघड धडा आज्ञा मोडण्याचा: ‘फॉरवर्ड’ म्हटले तरी गाडी अंगावर येत असेल, तर कुत्र्याने जागचे हलायचे नाही. अर्जदाराची चाल जोखताना प्रशिक्षक स्वतःच हार्नेसचे, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधायच्या मूठ असलेल्या पट्ट्याचे, दुसरे टोक धरून कुत्र्याच्या जागी चालतो. दृश्य गमतीचे खरे, पण वेगाचा आणि ओढीचा अंदाज त्यातूनच येतो. मग अर्जदार काही आठवडे तेथे राहून आपल्या कुत्र्यासोबत शिकतो.

या संस्थेचे पहिल्या कुत्र्यासाठीचे १५० डॉलर शुल्क नाममात्र आहे. खरा भार नंतरचा: बर्फ पडत असतानाही त्याला बाहेर न्यावे लागते, पशुवैद्याकडे खेपा होतात आणि काही वर्षांनी तो निवृत्त होतो. काठी घडी करून पिशवीत टाकली की तिचे काम संपते.

रोज ट्रेनने कामावर जाणाऱ्याला कुत्र्याचा मोठा उपयोग होतो. आठवड्यातून एकदोनदा, तेही मोटारीने बाहेर पडणाऱ्याला काठी पुरे, कारण सरावाशिवाय कुत्र्याचे कसबही मंदावते. काठीचे तंत्र मात्र दोघांनीही आधी शिकावे, कारण कुत्रा आजारी पडला की त्या दिवशी तीच हाती घ्यावी लागते.