गाडीची दारं उघडून धुणारं कारंजा लाडमधलं वॉशिंग सेंटर

बाबा अजूनही पांढरं धोतरच नेसतात. वय ८१. डोळ्यांच्या तपासणीसाठी त्यांना दर महिन्याला अकोल्याला न्यावं लागतं. उतरताना त्यांना पाय उंच उचलता येत नाही, त्यामुळं पोटरी गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर घासत बाहेर येते. ऑगस्टमध्ये दवाखान्याच्या पायरीवर पाहिलं तर धोतरावर गुडघ्याखाली हातभर काळा पट्टा. बाबा काही बोलले नाहीत. तेवढा भाग त्यांनी हातानं आत दुमडून घेतला. मला ते फार लागलं, कारण आदल्याच दिवशी तीनशे रुपये देऊन मी गाडी धुऊन आणली होती.

बाहेरून गाडी चकाचक होती. दारं कुणी उघडलीच नव्हती. त्याआधी एका दुसऱ्या ठिकाणी उघडली होती, तर त्या माणसानं प्रेशरचा पाइप सरळ चौकटीत धरला. पाणी सीटखालच्या गालिच्यात गेलं, मागच्या काचेचं बटण बंद पडलं आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं टायरमधल्या हवेच्या आकड्यांचं स्टिकर निघून गेलं. वर गाडीखाली डिझेलचा फवारा मारून दिला. आपल्याकडं हे सर्रास चालतं, पण डिझेलनं गाडीखालच्या सांध्यांतले रबरी बुश फुगून खराब होतात. कुणी फुकट मारून देतो म्हणालं तरी नको म्हणा.

म्हणून पोळ्याच्या आधी कारंज्यात मंगरुळपीर रस्त्यावर नवीन निघालेल्या सेंटरवर गेलो. पत्र्याचं शेड, दोन रॅम्प, पाटीवर नुसतं ‘वॉशिंग’. चालवणारा मुलगा पंचविशीतला. त्यानं गाडीला फेरी मारली नाही. आधी चारही दारं आणि डिक्की उघडली, खाली बसला आणि म्हणाला, “काकाजी, गाडी वावरात नेता न तुम्ही? खताची पोतीबी मागच्या दारानंच टाकता वाटते.” दोन्ही खरं होतं. आमच्या वावरापर्यंत दीड किलोमीटर पांदण आहे आणि वॅगनआर २०१७ पासून तिथं जाते.

बाहेरच्या धुण्याचे ३०० आणि दारांच्या चौकटींचे वेगळे ६०० सांगितले. मला जास्त वाटले. काम पाहिल्यावर वाटले नाहीत.

पहिला अर्धा तास त्यानं पाण्याला हातच लावला नाही. सुक्या ब्रशनं माती सोडवायची, मागून व्हॅक्युम, मग कॉम्प्रेसरची हवा. काळ्या मातीचं आपल्याला वेगळं सांगायला नको. पाणी मिळालं की ती फुगते, मग चिकटते, आणि वाळली की रबराच्या खाचेत सिमेंटासारखी बसते. आमच्या गाडीत बिजागऱ्यांच्या जुन्या ग्रीसवर माती, तिच्यावर कापसाची रुई आणि सोयाबीनचं कुटार असा थरच झाला होता. बाबांच्या धोतराला लागलेलं काळं हेच, तिथून ओघळून उंबऱ्यावर आलेलं.

मग रंगाऱ्याचा असतो तसा मऊ कुंचला घेतला. त्याच्या पत्र्याच्या भागाला चिकटपट्टी गुंडाळलेली, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. क्लीनर चौकटीवर न फवारता कुंचल्यावर घेत होता, म्हणजे वायरिंगकडं थेंब जात नाही. बिजागरी, लॉक अडकतं ती कडी, रबराखालची खाच, सगळीकडं हात फिरला. धुवायला पाइप नाहीच. दोन बादल्या आणि ओली फडकी, एका बादलीत पिळायचं, दुसरीत चांगलं पाणी. फडकी किती बदलली ते मोजायचं राहून गेलं.

दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. त्यानं खराट्याची काडी घातली आणि मागच्या डाव्या दारातून वाटीभर गढूळ पाणी खाली आलं. त्या दाराच्या शिवणीवर नखाएवढा गंज निघालाच. पोटॅशची गोणी मी नेहमी त्याच बाजूनं टाकतो. आपलं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद. त्याचे सांडलेले दाणे ओल्या पत्र्यावर राहिले की गंज लवकर धरतो. मुलानं सांगितलं, “हे माह्यं काम नाही, डेंटिंगवाल्याले दाखवा, पण दिवाळीपर्यंत थांबू नका.” स्वतः घासून वर रंग मारून पैसे घेतले असते तर मला कळलंही नसतं. त्याचं हे सांगणं मला सगळ्यात जास्त आवडलं.

सगळं कोरडं झाल्यावर रंगाच्या भागावर वॅक्स, रबरावर सिलिकॉन, बिजागऱ्यांना थेंबभर पांढरं ग्रीस. साधं ग्रीस किंवा तेल रबराला लावू नका, रबर फुगतं आणि सैल पडतं.

चूक एक झाली, आणि ती मोठी आहे. दाराखालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरही त्याच्या हाताखालच्या पोरानं चमक आणणारं सिलिकॉन पुसलं होतं. घरी बाबांनी बसायला पाय ठेवला आणि तो सरकला. मी मागंच उभा होतो म्हणून सावरलं. छातीत धस्स झालं. दुसऱ्या दिवशी तसाच परत गेलो. मालकानं वाद घातला नाही. शाम्पूच्या पाण्यानं पट्टी तीनदा पुसली, स्वतः चप्पल घासून पाहिली आणि त्या पोराला समोर बोलावून दाखवलं. घरात म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असेल तर काम सुरू होण्याआधीच सांगा, की पाय पडतो तिथं चमक नको.

आता दोन महिने झाले. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू आहे, गाडी रोज पांदणीत जाते. उंबऱ्यावरचा गारा ओल्या फडक्याच्या एका हातात निघतो, आधी नखानं खरवडावा लागायचा. समृद्धीवर शंभरच्या पुढं गेलं की मागच्या दारातून शिट्टी वाजायची, तीही थांबली. रबराच्या खाचेतली माती दार नीट बसू देत नव्हती. मागच्या उंबऱ्यावर ४०० रुपयांत पारदर्शक फिल्म लावून घेतली, तिचा एक कोपरा मात्र महिन्यात उचलला. ती घेऊ नका, वॅक्स पुरतं.

वेळ अडीच तास धरा. बसायला एक बाकडं आहे, प्यायचं पाणी घरून न्या. सकाळी नवाच्या आत पोचा, नंतर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि मग मुलगा दारांचं काम घेतच नाही, उद्या या म्हणतो. डिक्कीचं वरचं रबर त्या दिवशी राहून गेलं होतं. अकोल्याची तारीख मंगळवारी आहे, म्हणून सोमवारी सकाळी तेवढं करून घ्यायला जाणार आहे.