इव्हॅपो-रस्ट: नळीच्या आत उत्तम, बाहेरून अजिबात नको

गंज काढायच्या या द्रावणाला पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये बोटं चालत नाहीत, म्हणून तळघरात बसून करता येईल असं एखादं काम मी थंडीसाठी राखून ठेवतो. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला रिकामं बसवत नाही. यंदा थॉम्पसन सेंटर कंपनीची ठासणीची हॉकन रायफल हाती लागली. पॉइंट ५० कॅलिबर, २८ इंची अष्टकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता, पितळी साज. गहाणाच्या दुकानातून दीडशे डॉलरला उचलली. न्यू हॅम्पशायरमधल्या रॉचेस्टरच्या या कंपनीने १९७० मध्ये हे मॉडेल काढलं. नाव सेंट लुईसच्या हॉकन बंधूंचं घेतलं असलं तरी त्यांच्या रायफलशी साम्य बेताचंच. पण माल खणखणीत.

दस्ता झकास होता, नळी मात्र आतून नुसती गंजलेली. सोबत अर्धा डबा पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरायची दारू) मिळाला, तेव्हाच कारणाचा अंदाज आला. साध्या काळ्या दारूची राखसुद्धा ओल धरतेच, पण पायरोडेक्समध्ये पोटॅशियम परक्लोरेट असतं आणि ते जळून क्लोराइड मागे राहतं. म्हणजे पोलादाला मीठच चोळल्यासारखं. बार काढून बंदूक न धुता कोपऱ्यात उभी केली की बाकीचं काम हवा करते. आमच्या संगमेश्वराकडे आजोबांची परवान्याची ठासणीची होती, डुकरांपासून शेत राखायला. बार उडवला की त्याच संध्याकाळी नळीत उकळतं पाणी आणि मग खोबरेलाचं बोळं, हा नेम कधी चुकला नाही. रसायनशास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

औषधाकडे वळण्याआधी एक तपासणी, आणि ती टाळायची नाही. गज नळीत शेवटपर्यंत सोडायचा, तोंडाशी बोटाने धरून खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. टोक निप्पलपाशी (मागे टोपी बसवतात त्या बोंडापाशी) पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडे राहिलं तर आत बार ठासलेला आहे असं धरून चालायचं. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या निघतात, आणि दारू कोरडी असेल तर कैक वर्षांनीही पेटते.

आता इव्हॅपो-रस्ट. हे आम्ल नव्हे. पाण्यासारखं पातळ द्रावण, गंजातलं लोखंड रासायनिक चिमट्यात पकडून सोडवतं आणि खालच्या चांगल्या धातूला जवळपास हात लावत नाही. वास नाही, धूर नाही, हाताची साल निघत नाही. घरात वापरायचं तर हा गुण मोठा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतं.

मी असं केलं. नळी दस्त्यातून सोडवली (मागे हुक, पुढे पाचर, एवढंच धरून असतं). निप्पलला आधी अ‍ॅसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइलचं मिश्रण पाजत राहिलो, मगच पाना लावला. निप्पलचे आटे पाव इंच व्यासाचे, इंचाला २८, म्हणजे त्याच मापाचा साधा बारीक आट्यांचा बोल्ट रबरी वॉशर घालून तिथे आवळला की बूच तयार. नळी उभी वाइसमध्ये, नरसाळ्याने द्रावण अगदी काठोकाठ. काठोकाठ महत्त्वाचं, कारण द्रावणाची पातळी जिथे थांबते तिथे पोलादावर रेघ उमटते आणि ती जात नाही. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी ओतलं तर काळं पाणी. बोळा फिरवला तर काजळीसारखी काळी बुकणी आली, पण तांबडं काही नाही. पुन्हा ताजं भरलं, पुन्हा काळं, तिसऱ्यांदा जरा उजळ. नळीत मावतं जेमतेम ९० मिलिलिटर, एवढंसं द्रावण लवकर दमतं, तेव्हा चिकटपणा न करता बदलत राहायचं.

एलईडीचा बारका दिवा आत सोडून पाहिलं, रायफलिंगच्या (नळीतल्या पिळाच्या) खाचा कडा धरून दिसत होत्या. मागच्या टोकाला खड्डे आहेत. ते राहणारच. गंजाने खाल्लेलं पोलाद कुठलीही बाटली परत देत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही घेऊ नका. या रायफलीत दारूची कोठडी नळीपेक्षा अरुंद आहे, तिथे ५०चा ब्रश पोचत नाही. त्यासाठी पिस्तुलाचा बारका ब्रश लागतो.

पाचवा तारा इथे कापला: कंपनीचं भांडं-बादली-बुडवा छापाचं वर्णन वाचून कुणी अख्खी नळी बुडवली तर बाहेरचा निळसर काळा रंग गेला म्हणून समजा. ब्लूइंग, म्हणजे तो रंग, हाही लोखंडाचाच ऑक्साइड, या द्रावणाला त्यात आणि गंजात फरक कळत नाही. कुलपाच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या, पट्टीवर केस-हार्डनिंगने (पोलादाचा वरचा थर कडक करताना) आलेल्या रंगछटांचंही तेच होतं. डब्यावर ही सूचना मोठ्या अक्षरांत हवी. बाहेरच्या गंजाला मी तेल आणि अगदी बारीक, चार शून्यवाली स्टील वूल लावली. वेळ जातो, पण रंग राहतो. दस्त्यातल्या पितळी पॅचबॉक्सला (चिंध्या ठेवायच्या झाकणाच्या खणाला) मात्र बायकोने फडताळातली पितांबरी काढून दिली. आता तो देवघरातल्या समईच्या बरोबरीने चमकतो, मला थोडा जास्तच वाटतो, पण तक्रार करायची सोय नाही.

थंडीबद्दलही सांगतो. ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली हे द्रावण सुस्त होतं. जानेवारीत गॅरेजमध्ये नळी भरून ठेवाल तर सकाळी गंज जागच्या जागी. घरात आणा, घर तापवायच्या भट्टीशेजारी ठेवा. आणि ओतून झालं की वेळ काढू नका, उघडं पोलाद बघता बघता पुन्हा तांबूस होतं. मी लगेच कढत पाणी ओततो, नळी तापते आणि आपोआप वाळते, मग बॅलिस्टॉल तेलाचं बोळं. बॅलिस्टॉलचा वास कुणाकुणाला सोसवत नाही, माझ्या नाकाला चालतो.

इथे केंद्राच्या १९६८ च्या कायद्यात अशा ठासणीच्या रायफली पुरातन शस्त्रांत मोडतात, राज्याराज्यांचे नियम वेगळे. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. माळ्यावर आजोबांची सापडली तर आधी परवान्याचं बघा, गंजाचं नंतर.

नुसती एक नळी साफ करायची असेल तर गॅलन घेऊ नका. क्वार्टच्या (लिटरला जरा कमी) बाटलीत अशी नळी दहा वेळा भरते. गॅलन घ्यायचा तर गंजलेले पाने, पकडी, रंधे जमवून ठेवा, मग पैसे वसूल.