ज्युनिपर एमएक्स ४८०: दिवे, लाइन कार्डं आणि रोजचा वापर

पुण्यात धायरीच्या पीओपीमध्ये (इंटरनेट पुरवठादाराची स्थानिक उपकरणांची खोली) उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर या राउटरबद्दल लिहितोय. त्याच्या क्षमतेबद्दल भरपूर वाचायला मिळतं. रात्रपाळीच्या मुलाने समोरचे दिवे पाहून नेमकं काय करायचं, हे मात्र कुठेच धड सापडत नाही, म्हणून भर त्यावरच देतोय.

चॅसिस (राउटरचा सांगाडा) ८ यूचं (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) आहे आणि कार्डं आडवी बसतात. खालचे दोन स्लॉट एससीबीचे (कार्डांना आपसात जोडणारी बोर्डं), राउटिंग इंजिन (राउटरचा मेंदू) त्यांच्यातच. वरचे सहा लाइन कार्डांचे (पोर्ट यांच्यावरच असतात), क्रमांक खालून वर ० ते ५. १०जी पोर्टचं नाव एक्सई-२/०/३ असेल तर त्याचा अर्थ स्लॉट २, पीआयसी (कार्डावरचा पोर्टचा गट) ०, पोर्ट ३. मोजणी शून्यापासून असल्यामुळे नवा माणूस हमखास शेजारच्या कार्डाला हात घालतो. प्रत्येक स्लॉटच्या बाजूला ठळक आकड्याचा स्टिकर लावा.

समोर वरच्या पट्टीवर क्राफ्ट इंटरफेस आहे. तिथे लाल आणि पिवळा अलार्म, प्रत्येक कार्डाचा ओके-फेल दिवा, राउटिंग इंजिनांचे, पंख्यांचे आणि पॉवर सप्लायचे दिवे एकाच ठिकाणी दिसतात. ही रचना मला मनापासून आवडते, वाकून मागे बघावं लागत नाही. पण याच पट्टीवरचं एसीओ/एलटी (अलार्म बंद/दिव्यांची चाचणी) बटण नीट समजून घ्या. ते दाबलं की अलार्मचे दोन्ही दिवे विझतात आणि बाहेर भोंगा जोडला असेल तर तोही गप्प होतो. बिघाड आहे तिथेच राहतो. पाळी बदलताना पहिल्याने बटण दाबलं असेल तर दुसऱ्याला पट्टी स्वच्छ दिसते आणि तो निश्चिंत बसतो. म्हणून आमच्याकडे पाळी सुरू होताना दिवे काहीही सांगोत, 'शो चॅसिस अलार्म्स' चालवायचंच. ही कमांड खरी यादी देते.

दुसरा त्रास कायम पेटलेल्या दिव्यांचा. रेस्क्यू कॉन्फिगरेशन (काही बिघडलं तर परत जायची खात्रीची सेटिंग) साठवलेलं नसेल तर पिवळा अलार्म येतो, तो 'रिक्वेस्ट सिस्टम कॉन्फिगरेशन रेस्क्यू सेव्ह' केल्यावर जातो. मॅनेजमेंट पोर्ट एफएक्सपी० ला (राउटर सांभाळण्यासाठीचं वेगळं पोर्ट) केबल नसेल तर थेट लाल. ते पोर्ट वापरायचंच नसेल तर 'सेट चॅसिस अलार्म मॅनेजमेंट-इथरनेट लिंक-डाउन इग्नोर' टाकून कमिट करा (बदल लागू करा). लाल दिवा महिनोन्‌महिने जळत राहिला की तो पाहणाऱ्याच्या नजरेतूनच उतरतो, आणि मग पंखा बंद पडला तरी कुणाला कळत नाही.

कार्डाचा दिवा स्थिर हिरवा म्हणजे कार्ड चालू. लुकलुकणारा हिरवा म्हणजे ते वर येतंय. वीज जाऊन आल्यावर याला काही मिनिटं लागतात, त्या वेळात घाबरून कार्ड ओढू नका. 'शो चॅसिस एफपीसी'मध्ये (एफपीसी म्हणजे इथे लाइन कार्डाचा स्लॉट) ऑनलाइन दिसेपर्यंत थांबा. लाल म्हणजे फेल. कार्ड काढायचंच असेल तर त्याच स्लॉटचं ऑनलाइन/ऑफलाइन बटण साधारण ५ सेकंद, दिवा विझेपर्यंत दाबून धरा. मगच मनगटाला ईएसडी (अंगातली स्थिर वीज उतरवणारा) पट्टा लावून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या एकदम फिरवा. एकच खिटी आधी उघडली तर कार्ड तिरकं होतं आणि मागच्या कनेक्टरच्या पिनांवर ताण येतो.

पोर्टच्या हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की लिंक जुळलेली आहे. पावसाळ्यात ग्राहक स्पीडची तक्रार करतात, इथे पोर्ट हिरवागार, आणि खरा प्रकार फायबरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरून प्रकाश घटल्याचा असतो. 'शो इंटरफेसेस डायग्नॉस्टिक्स ऑप्टिक्स' चालवून रिसीव्ह पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) पाहा. १०जी एलआर मॉड्यूलची (पोर्टमध्ये बसणारं फायबरचं मॉड्यूल) खालची मर्यादा उणे १४.४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आहे. उणे १३ च्या आसपास आकडा आला की मी लाइन तपासायला माणूस पाठवतो, लिंक पडायची वाट बघत नाही. 'शो इंटरफेसेस एक्स्टेन्सिव्ह'मध्ये सीआरसी (खराब आलेल्या डेटाच्या चुका) वाढताना दिसले तर आधी पॅचकॉर्डचं (छोट्या फायबर केबलचं) टोक पुसा आणि मग मॉड्यूल बदला. याच क्रमाने गेलात तर बऱ्याचदा नवं मॉड्यूल लागतच नाही. ४० किमीचं ईआर मॉड्यूल छोट्या पॅचकॉर्डने समोरासमोर जोडून टेस्ट करायचं असेल तर मध्ये अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) हवाच. त्याच्या रिसीव्हरला उणे १ डीबीएमच्या वरचा प्रकाश चालत नाही.

पुण्यात सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं ते हवेकडे. इथे हवा एका कुशीतून शिरते आणि दुसऱ्या कुशीतून बाहेर पडते, समोरून मागे जात नाही. रॅकच्या बाजूला केबलचे जुडगे कोंबले की वाट बुजते. भिंतीपासून किमान ७ सेंमी आणि बाजूने हवा घेणाऱ्या दुसऱ्या राउटरपासून १५ सेंमी अंतर ठेवा. रिकाम्या स्लॉटवर ब्लँक पॅनेल लावाच. रस्ते आणि बांधकामं सतत खोदत असल्यामुळे हवेच्या फिल्टरवर राखाडी थर पटकन बसतो, म्हणून आम्ही दर महिन्याला तो बघतो. पंख्यांचा आवाज अचानक चढला तर दिव्याची वाट न बघता 'शो चॅसिस एन्व्हायर्न्मेंट'मध्ये तापमान पाहा. जादा फिल्टर कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. चोळल्यावर भुगा पडायला लागला तर टाकून द्या.

पॉवर सप्लायवर एसी ओके, डीसी ओके आणि पीएस फेल असे दिवे आहेत. एसी ओके विझला असेल तर आधी यूपीएस आणि सॉकेट तपासा, बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडतो. सप्लाय बंद केला तर परत चालू करण्याआधी किमान ६० सेकंद थांबा. सप्लाय दोन गटांत विभागून वेगवेगळ्या यूपीएसवर घ्या, नाहीतर चार सप्लाय असूनही एका एमसीबीने सगळं खाली येतं.

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच वीज देऊन एसीओ/एलटी दाबून धरा. पट्टीवरचे सगळे दिवे पेटायला हवेत. एखादा पेटला नाही तर ती पट्टी बदलून मागा, आणि ब्लँक पॅनेल, खिट्ट्या, फिल्टर जागेवर आहेत का हे पैसे देण्याआधी बघून घ्या.