बिलाचा फोटो की मीटरवर सेन्सर?

बेळगावात उद्यमबागेतले फाउंड्रीवाले (लोखंड वितळवून ओतकाम करणारे) आणि वडगाव-खासबागेतले मागवाले यांच्यासाठी कार्बन मोजणारं सॉफ्टवेअर करायचं, तर दोन वाटा दिसतात.

पहिलीत मालकानं हेस्कॉमच्या (तिथल्या वीज कंपनीच्या) बिलाचा आणि डिझेलच्या पावतीचा फोटो मोबाईलवरून टाकायचा. पुढचा हिशेब सॉफ्टवेअरचा: ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, लिटरभर डिझेलमागे सुमारे २.७ किलो. खर्च जवळजवळ नाही. बिल कन्नडमध्ये आणि मालक मराठी, तेव्हा अ‍ॅपला दोन्ही भाषा यायलाच हव्यात. पण आकडा कळतो महिन्यानं, तोही अख्ख्या कारखान्याचा एकच. घरात चार माग असलेल्याला तेवढा पुरतो.

दुसरीत भट्टी, कॉम्प्रेसर, पंप यांच्या लाइनवर वीज मोजणारे वेगवेगळे सेन्सर. फाउंड्रीत खरी मेख इथंच आहे. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट जातात. साचे तयार नाहीत म्हणून रस तापता धरून ठेवला, वर झाकणही उघडंच, की युनिट वाढलेच. बिलात ते वेगळं दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद असताना कॉम्प्रेसर अधूनमधून धडधडतो, म्हणजे पाइपात कुठंतरी गळती. सेन्सर ती वेळेसकट पकडतो. मात्र तिथल्या धुळीत नि धगीत तो टिकवायचा, तर देखभालीला माणूस आला.

माझं मत: फाउंड्रीला सेन्सर, पण आधी फक्त भट्टी आणि कॉम्प्रेसरवर. मागवाल्याच्या गळ्यात तो मारू नये. आणि पडद्यावर कार्बनच्या आधी रुपये दाखवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात अ‍ॅप उघडतोय कोण?